गवळण तीस सेकंदांत कशी बसवायची? (नमन, रील्स आणि अल्गोरिदम)

शिवडीकर | रविवार, रात्री ११:१४

मंडळी, जरा पाल्हाळ होणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या गावकीचं मुंबईत नमन मंडळ आहे. वाडी संगमेश्वर तालुक्यात, पण निम्मी पोरं शिवडी, लालबाग, नालासोपारा इथे पांगलेली. नाट्यगृह मिळेल तसा मुंबईत प्रयोग लावतो, शिमग्याला गावी जातो. मी नाचत नाही, गात तर नाहीच. मंडळाचं इन्स्टा आणि यूट्यूब सांभाळतो. त्यामुळे गणापेक्षा ग्राफच जास्त बघतो.

ज्यांनी नमन पाहिलं नाही त्यांच्यासाठी: कोकणातलं लोकनाट्य. मृदंग आणि झांजांवर देवादिकांना नमन, मग गण, मग गवळण (कृष्ण, पेंद्या, मावशी, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी), अधेमधे संकासुर आणि सोंगं, शेवटी वग. रात्र निघते. सुरुवातीला मृदंग मुद्दाम संथ ठेवतात, कारण पुढे तो चढवत न्यायचा असतो.

गेल्या हंगामात संकासुराच्या एंट्रीची छोटी रील टाकली. काळा अंगरखा, उंच टोपी, पांढरी दाढी, हातात फटका. रात्रीत लाखावर गेली. त्याच प्रयोगातला गण टाकला, तो आमच्याच भावकीने पाहिला. मग गवळण टाकली. तिचा आलेख तिसऱ्या सेकंदाला असा कोसळला की बघवेना.

इथवर ठीक होतं. पण आता पुढच्या चार रांगा संकासुर येईपर्यंत मोबाईल मांडीवर ठेवून बसतात. तो आला की सगळे हात वर, तो आत गेला की निम्मे लोक चहाला बाहेर. दुसऱ्या एका मंडळाने संकासुर थेट गणाच्या आधी आणला, धुराचं मशीन लावून. आमचाही दिग्दर्शक म्हणतोय, 'आपणही वर घेऊया, लोकांना तेच हवंय.' म्हातारे मृदंगवाले त्याच्याशी बोलेनासे झालेत.

प्रश्न असा की आमचं नमन अल्गोरिदमने बदललं म्हणायचं, की आम्हीच बदलतोय आणि बिल त्याच्या नावावर फाडतोय?

---

खडूस_आजोबा | रविवार, रात्री ११:५१

कशाला एवढा त्रागा? हे सव्वाशे वर्षं चालू आहे.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानची ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हा तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. तासभर राग मांडणाऱ्या बाईने तो तेवढ्यात बसवला, वर शेवटी आपलं नावही सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जायच्या आणि तिथल्या कारागिराला कोण गातंय हे कळायला हवं. पुढे आपली नाट्यपदं त्याच साच्यातून घरोघरी गेली. नाटकात वन्समोअर घेत घेत वाटेल तेवढं लांबणारं पद तबकडीवर आटोपशीर झालं, आणि लोकांना तेच खरं वाटायला लागलं.

आकाशवाणीवर कामगार सभा लागायची. कुठला शाहीर हवेत जाणार हे तिथला साहेब ठरवायचा. त्याची आवडनिवड, त्याची ओळखपाळख. तुमचा अल्गोरिदम निदान पावशेर मागत नाही.

---

शंकासुर_नंबर_१ | रविवार, रात्री ११:५८

हसून हसून पुरेवाट. आजोबा, पावशेर मागत नाही पण अख्खी संध्याकाळ घेतो की.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (धाग्यात माझं नाव एवढ्या वेळा आलंय की मानधन मिळायला हवं.)

---

विदावाली | सोमवार, सकाळी ८:०६

ऐरोलीला जाताना लोकलमध्ये टंकतेय, शुद्धलेखन चालवून घ्या. पोटापाण्यासाठी हेच करते, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारे अल्गोरिदम बनवते. रील्सवाल्यांकडे नाही, वाणसामान विकणाऱ्या ॲपमध्ये. पण यंत्राची जात एकच.

शिवडीकर, त्या यंत्राला संकासुर कळत नाही, गणही कळत नाही. त्याची कामं दोन. आधी अफाट साठ्यातून तुमच्यापुरते काही शे व्हिडिओ वेचायचे. मग एकेकाबद्दल अंदाज बांधायचा: हा माणूस हे किती वेळ बघेल, लाइक करेल का, कुणाला पाठवेल का. प्रत्येक अंदाजाला वजन, आणि सगळ्याची बेरीज. यूट्यूबच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये शोधनिबंधच लिहिला होता, त्यातली क्रमवारी माणूस क्लिक करेल का यापेक्षा किती वेळ बघेल यावर लावलेली. टिकटॉकचा आतला एक कागद २०२१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने छापला. त्यातलं ढोबळ सूत्र याच वळणाचं आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितलेल्या तीन मुख्य गोष्टी म्हणजे बघण्याचा वेळ, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणं. जे तुम्हाला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत जायचं तर पाठवण्याला जास्त महत्त्व.

आता तुमचा गण कुठे मेला ते बघा. नवा व्हिडिओ आधी थोड्या लोकांपुढे टाकतात, त्यांच्यात टिकला तर जरा मोठ्या गटापुढे, मग त्याहून मोठ्या. इन्स्टाग्रामनेच एप्रिल २०२४ मध्ये हे सांगितलं होतं. तुमच्या पेजकडे आलेले नवे लोक संकासुरावर आलेले. यंत्राने गणही त्यांनाच आधी दाखवला असणार. त्यांना वाटलं आता तो फटका घेऊन येईल. दोन सेकंदांत आला नाही, अंगठा वर. ज्या राजापूरकराला तो गण ऐकून गलबलून आलं असतं त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच निकाल लागला. तुमची गाजलेली रीलच गणाच्या आड आली.

आजोबा, तबकडीचा मुद्दा आवडला, पण एक फरक आहे. तीन मिनिटं ही मर्यादा सगळ्यांना सारखी आणि आधीच माहीत असलेली. तीत काय बसवायचं हे गवयाच्या हातात होतं. इथे मर्यादा कुणी सांगतच नाही. इन्स्टावर आता तीन मिनिटांचीही रील चालते, पण खरी लांबी ठरते ती बघणाऱ्याच्या अंगठ्यावर, दर माणशी वेगळी, आणि तिचा हिशोब दुसऱ्या सकाळी तुमच्या हातात. तबकडीने कुठल्याही गवयाला कधी कळवलं नाही की बुवा, चौदाव्या सेकंदाच्या तानेला निम्मे लोक उठून गेले.

ते कळलं की माणूस बदलतोच. तुमचा दिग्दर्शक वाईट नाहीये, तो ग्राफ वाचतोय.

---

खडूस_आजोबा | सोमवार, सकाळी ९:३०

मुद्दा रास्त आहे. पण तमाशाच्या फडावरही लोक उठून जायचे, आणि तेही गायकाला तिथल्या तिथे दिसायचं. दौलतजादा (प्रेक्षकांची पैशांची उधळण) थांबली की नाचणारी अदा बदलायची.

---

विदावाली | सोमवार, सकाळी ९:४७

बरोबर, पण फडावर उठून जाणारा आधी बसलेला असायचा. बैलगाडी जुंपून आलेला माणूस दोन सेकंदांत उठत नाही हो.

---

वेसाव्याची_पोर | सोमवार, दुपारी १:१९

मला हा सूर पटत नाही. सगळं चाललं, सगळं बिघडलं.

माझा भाऊ बेंजो पार्टीत आहे. (पुण्याच्या मंडळींसाठी: आमच्या बेंजोत वाजतो तो बुलबुलतरंग. सोबत ताशा, ढोल, कीबोर्ड. हळद, साखरपुडा, गणपतीचं आगमन, सगळीकडे.) आधी सुपारी यायची ती ओळखीतून, वेसावे ते मढ, फार तर उरण. रील चालायला लागल्यापासून पनवेल, पालघर, वाड्याहून फोन येतात. हंगामात पोरांना श्वास घ्यायला वेळ नाही. हे पैसे कुठल्या सांस्कृतिक खात्याने दिले नसते.

तक्रार वेगळीच आहे. पूर्वी हळदीला विचारायचे, 'काय काय वाजवता?' आता नवरीचा भाऊ मोबाईल पुढे करतो, 'हे वाजवा.' तीच चाल, तोच तुकडा. तुकडा संपला की परत तोच. अख्खं गाणं लोकांना माहीतच नाही, दुसरं कडवं सुरू केलं की नाचणारे थांबून एकमेकांकडे बघतात. आमच्या आज्या हळदीला जी गाणी म्हणायच्या त्यांचा कुणी ऑडिओ केला नाही, म्हणून ती कुणी मागत नाही. रील बनवणाऱ्याला तयार ऑडिओ लागतो, त्याच्यावर बोट ठेवलं की झालं. ज्याचा ऑडिओ ॲपात आहे ते वाजतं, नाही ते नाही.

---

शिवडीकर | सोमवार, दुपारी २:०५

वेसाव्याची_पोर, अगदी. ऑडिओवरून आठवलं. आम्ही गणाची रील टाकली ती एका ॲपने चक्क मूक केली. म्हणे हक्क दुसऱ्या कंपनीचे. पणज्याच्या वेळचा गण, बांधणारा कोण हे गावातही कुणाला सांगता येत नाही. कुणीतरी तीच चाल कॅसेटवर गायली असणार आणि ती कॅसेट कुणीतरी विकत घेतली असणार. दाद मागायला एक फॉर्म आहे, त्यात 'मूळ मालकाचं नाव' सक्तीचं. काय लिहू, श्री देव सोमेश्वर?

---

घाटकोपर_वाया_माळशिरस | सोमवार, संध्याकाळी ७:४०

एक गोष्ट कुणीच काढली नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ चिनी ॲपांवर बंदी आली. ८ जुलैला इन्स्टाने रील्स आणलं, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स, मधल्यामध्ये मोज आणि जोश आले. सगळ्यांना वाटलं दुकान तेच, पाटी बदलली. तसं झालं नाही.

टिकटॉकवर ऊसतोडीच्या फडातली जोडपी होती. म्हशी धुता धुता गवळण म्हणणारे मामा होते. फॉलोअर असो वा नसो, पहिला डाव सगळ्यांना मिळायचा. इन्स्टा त्या वेळी मुळात ओळखीपाळखीच्या, बऱ्या घरातल्या, फोटो काढणाऱ्या लोकांचं होतं. माझ्या मावसभावाचे टिकटॉकवर बक्कळ फॉलोअर होते, इन्स्टावर आला तर पहिल्याच व्हिडिओखाली, 'हे टिकटॉकवालं इथे नको.' त्याने पुन्हा टाकलं नाही.

म्हणून 'अल्गोरिदम' असं एकवचनी बोलणं मला खटकतं. यंत्र कुठलंही असो, समोर पहिले शंभर लोक कोण बसवलेत त्यावर सगळं ठरतं. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसातले शंभर बसवलेत की माळशिरसच्या एसटी स्टँडवरचे?

---

विदावाली | सोमवार, रात्री ९:१२

+१. हे मी सांगायला हवं होतं, तुम्ही जास्त चांगलं सांगितलंत.

यावर एक जुना प्रयोग आहे. सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा, २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापलेला. १४ हजारांवर माणसं, अनोळखी बँडांची ४८ गाणी. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांना आठ वेगळ्या जगांत वाटलं आणि आपल्या जगातल्या इतरांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तो आकडा दाखवला. गाणी तीच, सुरुवात शून्यापासून, तरी आठ जगांत आठ निकाल. सगळ्यात चांगली गाणी क्वचितच तळाला गेली, सगळ्यात वाईट क्वचितच वर आली, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. आणि आकडा दिसत असला की वरचे आणखी वर, खालचे आणखी खाली.

आपलं बहुतेक सगळं मधलंच असतं. फार थोर नाही, टाकाऊही नाही.

---

गणेशगल्ली_पूर्व | सोमवार, रात्री ९:५५

त्याला प्रयोग कशाला, गणपतीत आमच्या लालबागला या. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, आमचा गणेशगल्लीचा १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. तिन्ही पायी फिरण्याच्या अंतरात. रांगांतला फरक बघा आणि सांगा कोणाचं काय 'चांगलं' आहे म्हणून तो पडला. आणि हे रील्सच्या कितीतरी आधीचं, तेव्हा टीव्ही चॅनेलं होती.

रील्सने नवीन काय केलं असेल तर आगमन. पूर्वी मूर्ती कारखान्यातून मंडपात यायची तेव्हा मंडळाची पोरं, दोन ट्रॉल्या आणि वाहतूक पोलीस. आता आगमनालाच विसर्जनाएवढी गर्दी. पडदा सरकतो तो क्षण सगळ्यांना आपल्या मोबाईलमध्ये हवा. पाठीमागून आरती चालू असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

---

नऊवारी_बुलेट | मंगळवार, सकाळी ७:२२

आमच्याकडे बोट वळायच्या आधी मीच बोलते. हो, मी गिरगावच्या पाडव्याच्या यात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवते. हो, फोटो काढून घेते. यात्रांची सुरुवात डोंबिवलीने १९९९ मध्ये केली, तेव्हा कुठे होतं इन्स्टा? नटायची हौस जुनीच आहे.

आमच्या लेझीम पथकात दोन वर्षांपूर्वी नव्या मुली येईनात. रील बघून आल्या. त्यातल्या निम्म्या फेटा बांधून फोटो झाल्यावर गायब, उरलेल्या निम्म्या भर उन्हात सराव करतात. मला चालतंय.

पण एक सांगते. कॅमेरेवाले बुलेटच्या रांगेपाशीच गर्दी करतात. मागून मल्लखांबाची गाडी येते, पोरं चालत्या गाडीवर पुरलेल्या मल्लखांबावर जिवावर उदार होऊन करतात, त्यांच्यापुढे चिटपाखरू नसतं. विचारलं तर एक जण म्हणाला, 'मल्लखांब चालत नाही, बुलेट चालते.' त्याने मल्लखांब टाकून बघितलाच नव्हता. चालत नाही हे त्याला कुणी सांगितलं?

---

शंकासुर_नंबर_१ | मंगळवार, सकाळी ७:४०

हा खरा भूत-प्रकार आहे. अल्गोरिदम येण्याआधीच लोक त्याच्या धाकाने सरळ होतात. हलके घ्या, पण सासूबाई काशीला गेल्या तरी सून पदर घेऊनच वावरते त्यातला प्रकार.

---

मुलुंडची_मीरा | मंगळवार, दुपारी ३:३१

प्रेक्षक म्हणून बोलते, मला नाचता-गाता काही येत नाही.

आषाढीच्या आसपास एक अभंग दोनदा ऐकला, तर पंधरवडाभर फीडमध्ये नुसतं पंढरपूर. रिंगण, तुळस, पावसात भिजलेले वारकरी. फार छान वाटलं. मग कधीतरी नळाला गळती लागली म्हणून प्लंबिंगचे व्हिडिओ बघितले, आणि विठोबा गेला तो गेलाच. आता पाइप आणि टेफ्लॉन टेप.

गंमत सोडा. मला जाणवतं ते हे की आमच्या तीन खोल्यांत तीन मुंबया आहेत. नवऱ्याची क्रिकेट आणि शेअर बाजाराची, मुलीची कोरियन आणि मध्येच कुठल्यातरी लावणीच्या एका ओळीची, माझी पाइपांची. चाळीत एकाचा रेडिओ सगळ्यांना ऐकावा लागायचा, आवडो न आवडो. न आवडणारं खूप काही त्यामुळे मला तोंडपाठ आहे. मुलीला न आवडणारं काही येतच नाही, कारण ते तिच्यासमोर येतच नाही.

जाता जाता, इन्स्टात आता शिफारशी पुसून कोरं करायची सोय आहे, सेटिंग्जमध्ये शोधा. मी केलं. दोन दिवस जगभरचं काहीबाही दाखवलं, मग माझं वय आणि बाईपण ओळखून कुकरच्या शिट्टीवर आलं.

---

वकील_वसईकर | मंगळवार, संध्याकाळी ५:०२

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात कलम ३८ आहे. अतिमोठ्या मंचांनी निदान एक असा शिफारस-पर्याय द्यायचा जो तुमच्या सवयींच्या नोंदींवर आधारलेला नसेल. अशा मंचांना तो २०२३ च्या ऑगस्टअखेर लागू होऊ लागला. आपल्या २०२१ च्या आयटी नियमांत अशी सक्ती नाही. बाकी चालू द्या.

---

घाटकोपर_वाया_माळशिरस | मंगळवार, संध्याकाळी ५:१८

वकीलसाहेब, तो पर्याय दिला तरी निवडेल कोण? मीराताईंनी पुसलं आणि कुकरवर आल्या.

---

शिवडीकर | बुधवार, रात्री १०:३६

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल मंडळाची बैठक झाली, धागा वाचून दाखवला. (आजोबांच्या दौलतजादेवर मृदंगवाले खूश, बोलायला लागले.)

ठरलं ते असं. क्रम बदलायचा नाही. गण पहिला, संकासुर त्याच्या जागी. दिग्दर्शक कुरकुरला, पण विदावालींचा तो 'रीलच गणाच्या आड आली' मुद्दा त्याला लागला. संकासुराचं वेगळं पेज काढतोय, तिथे फटके मारू दे किती ते. मूळ पेजवर गण, गवळण, पूर्ण व्हिडिओचे दुवे. तिथे आकडे पडतील, पडू देत. निदान पहिले शंभर तरी आमचे असतील.

माझं स्वतःचं मत सांगायचं तर बिल आमच्याच नावावर आहे. ग्राफ फक्त सांगतो की लोक कुठे उठले. तिथे गवळण कापायची की मावशी चांगली बसवायची हे ग्राफ सांगत नाही. आमची मावशी खरंच कंटाळवाणी आहे, हे रील्सच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होतं, फक्त ती अध्यक्षांचा भाचा असल्यामुळे कुणी बोलत नव्हतं.

---

तुरेवाला_दापोली | बुधवार, रात्री ११:०२

शिवडीकर, आमच्या जाखडीचं (कोकणातलाच नाच-गाण्याचा प्रकार) ऐका. शक्ती-तुऱ्यात, म्हणजे शक्तीवाले आणि तुरेवाले शाहीर समोरासमोर आले की, सवाल-जवाब असतात ना, तर आमच्या शाहिराने डोकं चालवलं. रीलमध्ये फक्त सवाल टाकायचा, पुराणातला अडवणारा. जवाब पुढच्या रीलमध्ये. लोक थांबतात, एकमेकांना पाठवतात, खाली स्वतःचे जवाब लिहितात. शक्तीवाले तर खवळून लिहितात, त्यांची कॉमेंट म्हणजे आमची दिवाळी.

---

विदावाली | बुधवार, रात्री ११:१०

झकास. पण ज्याने सवाल पाहिला त्यालाच जवाब दिसेल याची काही खात्री नाही. यंत्र दोन्ही वेगवेगळे मोजणार. अर्ध्या महाराष्ट्राला नुसते सवाल आणि उरलेल्यांना नुसते जवाब मिळतील.

---

तुरेवाला_दापोली | बुधवार, रात्री ११:१९

ते झालंच. एका माणसाला फक्त जवाब दिसला, त्याने खाली लिहिलं, 'कशाबद्दल बोलताय?'

म्हणून आता जवाब ऑनलाइन टाकतच नाही. जवाब नाट्यगृहात, तिकीट काढून. परळचं दामोदर बंद झाल्यापासून आमची तारखांसाठी वणवण चालू आहे, बोरिवलीला एक रात्र मिळतेय. शिवडीकर, तुमचं नमन आणि आमची जाखडी एकाच रात्री लावायची का? भाडं निम्मं निम्मं.

---

शिवडीकर | बुधवार, रात्री ११:२४

व्यक्तिगत निरोप केलाय. मावशी बदलतोय, तेवढी मुदत द्या.